गाडी गेली, स्टेशन राहिले

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा त्यांच्या मनात पारगड किंवा कलानिधिगड असावा. गंधर्वगड आणि महिपाळगड यांच्यावर लिहिणारी मंडळीही आपल्या तालुक्यात कमी नाहीत. मी मात्र ज्या गोष्टीचा चंदगडाशी कधी संबंधच आला नाही, त्या गोष्टीवर लिहावयाचे ठरविले आहे. ती गोष्ट म्हणजे आगगाडी. आणि तीही चालती आगगाडी नव्हे, तर गाडी निघून गेल्यावर मागे उरलेले स्टेशन.

ज्या तालुक्यात रुळाचा एक तुकडा नाही, तिथल्या बाईने स्टेशनावर लेख लिहावा याचे वाचक भगिनींना हसू येईल. हसावे. पण बाजारपेठेमागच्या त्या जुन्या गोदामाचा प्रश्न आपल्या मंडळापुढे सध्या आहे, आणि त्याचा विचार करीत असता मला राहून राहून स्टेशनेच आठवतात. ती का, ते पुढे येईल.

आपला तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. कचेरी बेळगावची, दवाखाना बेळगावचा, लग्नाचा बस्ता बेळगावचा, आणि आगगाडीही बेळगावचीच. दक्षिण मराठा रेल्वेने पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा हा मीटर गेजचा मार्ग १८९० पर्यंत पुरा केला, आणि घाटमाथ्यावरच्या आपल्या माणसांना जगाचे दार उघडले ते तिथेच. जिल्हा बदलला, दार बदलले नाही. आजही चंदगडचा मुलगा नोकरीला निघाला की त्याची बॅग बेळगावलाच जाते.

मी पहिल्यांदा आगगाडी पाहिली ती १९६४ साली, कार्तिकीच्या वारीच्या वेळी. आई, थोरली आत्या, आत्याच्या जाऊबाई आणि मी. चंदगडाहून बेळगावपर्यंत एस. टी., बेळगावहून मिरजेपर्यंत मीटर गेजची गाडी आणि मिरजेहून पंढरपूरला बार्शी लाईटची ती चिमुकली गाडी. गाडीची नवलाई मला किती वाटली ते आता आठवत नाही. कोळशाचा कण डोळ्यात गेला एवढे आठवते. पण मिरजेच्या स्टेशनावरची एक खोली मला आज साठ वर्षांनी जशीच्या तशी दिसते.

ती बायकांची खोली होती. दारावर बाईचे चित्र रंगविलेली पाटी, आत दोन लांब बाके, कोपऱ्यात नळ, आणि दाराला आतून कडी. बस्स, एवढेच. पण आईने आत गेल्यावर कडी लावली, पदर मोकळा केला, पाय धुतले, आणि बाकावर चक्क आडवी झाली. माझ्या आईला घराबाहेर आडवी झालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. घरातही दिवसाउजेडी पाहिली नव्हती. आत्याच्या जाऊबाई म्हणाल्या, "ही खोली उचलून चंदगडाला नेता आली असती तर!" सगळ्याजणी हसल्या. मी लहान होते, मला त्यात हसण्यासारखे काय ते कळले नाही.

आता विचार करते तेव्हा वाटते, आपल्याकडे बायकांसाठी म्हणून बांधलेली पहिली सार्वजनिक जागा बहुधा रेल्वेनेच दिली. देवळात बायका जात, पण तिथे पुरुषांनंतर. पाणवठा बायकांचा, पण तिथे बसावयाचे नसते, राबावयाचे असते. चावडीवर तर पायरीपाशी उभे राहण्याचाही प्रश्न नव्हता. 'ही जागा तुमची, इथे काही काम नसले तरी बसा' असे म्हणणारी पाटी स्टेशनात होती. इंग्रज सरकारला किंवा रेल्वे कंपनीला स्त्रियांचा फार कळवळा होता असे माझे म्हणणे नाही. बायका गाडीने जाव्यात, तिकिटे खपावीत, एवढाच त्यांचा हिशेब. पण हिशेबातूनही कधी कधी भले होते.

बार्शी लाईटचेच पाहा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने अडीच फुटांच्या रुळांवर १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी चालू केली. त्या काळी कुर्डुवाडी स्टेशनाचे नावच 'बार्शी रोड' होते. बार्शीची कापसाची आणि धान्याची पेठ मोठी, पण थोरल्या रेल्वेपासून वीस-बावीस मैल दूर. बैलगाडीचे भाडे वाचावे म्हणून ही लाईन झाली. मग ती पंढरपूरला पोहोचली, लातूरला पोहोचली, आणि १९२७ साली पंढरपूरहून मिरजेला येऊन मिळाली. कापसासाठी घातलेल्या रुळांवरून माळकरी निघाले. आषाढी-कार्तिकीला गाडीच्या डब्यात जागा नसे, टपावर माणसे बसत. १९५४ साली सरकारने ती कंपनी आपल्या ताब्यात घेतली, आणि पुढे पन्नासएक वर्षे ती गाडी तशीच डुलत डुलत चालली. २०१० च्या आसपास मिरज-पंढरपूर मार्ग रुंद झाला आणि आमच्या वारीची ती खेळण्यातली गाडी कायमची थांबली. (या कॅलथ्रॉपसाहेबांनी पुढे विमानातून उडी मारण्याची छत्री शोधून काढली. 'गार्डियन एंजल' असे त्यांनी तिचे नाव ठेविले होते. अडीच फुटी रुळांवर इतकी सावध गाडी चालविणाऱ्या माणसाला पडणाऱ्याची काळजी असावी हे मला साजेसे वाटते.)

स्टेशन आले की पेठ येते, हे आपल्या जिल्ह्याने फार लवकर ओळखले. मिरज-कोल्हापूर हा २९ मैलांचा फाटा कोल्हापूर संस्थानने स्वतःच्या पैशाने बांधला आणि तो १८९१ साली सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती कारभार आल्यावर त्यांनी १८९५ साली स्टेशनालगत शाहूपुरी वसविली आणि गुळाचा व्यापार तिथे आणिला. पुढे याच मार्गावर, शिरोळच्या माळावर, वडिलांच्या नावाने त्यांनी जयसिंगपूर उभे केले. कोल्हापुरी गुळाची ख्याती आपण सांगतो, पण गूळ पूर्वीही होताच. तो मुंबईपर्यंत न वितळता पोहोचावा अशी सोय झाली तेव्हा त्याची ख्याती झाली. स्टेशन एकटे उपयोगाचे नाही, त्याच्याभोवती जागा नेमून देणारा कोणीतरी लागतो, हे महाराजांना कळले होते.

पण स्टेशनालाही म्हातारपण येते. कधी रुळांची रुंदी बदलते, कधी मार्ग बाजूने जातो, कधी गाड्याच इतक्या लांब होतात की जुना फलाट पुरत नाही. आपल्याजवळचे उदाहरण सांगलीचे. सांगली संस्थानने मिरजेपासून सांगलीपर्यंत पाचएक मैलांची आपली स्वतःची गाडी १९०७ साली काढली होती. गाडी थेट शहरात येई. १९७१ साली पुण्याहून मिरज-कोल्हापूरपर्यंत रुंद मार्ग झाला, तो शहराच्या कडेने गेला, नवे स्टेशन झाले, आणि जुन्या फाट्याला काम उरले नाही. सांगलीला गेलात तर रिक्षावाल्याला 'स्टेशन चौक' म्हणा. तो तुम्हांला बरोबर तिथे नेऊन सोडील. उतरून पाहाल तर गाडी नाही, रूळ नाहीत. नवख्या माणसाची तिथे हमखास फजिती होते. माझीही झाली होती. हातात वळकटी, बरोबर दोन पोरे, आणि मी विचारते आहे, "फलाट कुठे?" एका फळवाल्या बाईने मला जवळ बसविले, पोरांना पेरू दिला आणि म्हणाली, "ताई, इथली गाडी गेली, आता नुसतं नाव हाय."

नुसते नाव राहणे हे बहुतेक स्टेशनांच्या कपाळी असते. काही मोजक्या ठिकाणी मात्र गावकऱ्यांनी स्टेशन सोडले नाही. त्यांतले एक मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

माझा मुलगा अमेरिकेत ओहायो प्रांतात सिनसिनाटी या शहरी नोकरीला आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेले होते. तिथे त्याने मला 'युनियन टर्मिनल' दाखविले. नातवाच्या दृष्टीने ते स्टेशन नव्हेच. ते डायनोसॉरचे घर. बाहेरून पाहिले तर एक अर्धा घुमट, जणू भले मोठे सूप जमिनीत उभे रोवले आहे. आत तो घुमट १०६ फूट उंच आणि १८० फूट रुंद. भिंतींवर काचेच्या रंगीत तुकड्यांनी जडविलेली चित्रे: एका बाजूला देशाचा इतिहास, दुसऱ्या बाजूला त्या नदीकाठच्या गावाचा. विनोल्ड राईस नावाच्या चित्रकाराची ती कामगिरी. सात रेल्वे कंपन्यांनी मिळून ४ कोटी १० लाख डॉलर खर्चून ते बांधिले आणि १९३३ च्या मार्चअखेर उघडले. दिवसाला २१६ गाड्या आणि १७ हजार उतारू अशी त्याची तयारी. पण मुहूर्त पाहा! अमेरिकेत मंदीने कहर केला होता, बँका बुडत होत्या, आणि लोक मोटारीने फिरू लागले होते. इतके थोरले घर बांधले आणि पाहुणे येईनात, अशी अवस्था. फक्त दुसऱ्या महायुद्धात ते खरे भरले. तेव्हा एका दिवसात ३४ हजार माणसे तिथून गेल्याची नोंद आहे. शिपाई जात होते, आया रडत होत्या. युद्ध संपले, विमाने आली, आणि १९७२ च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी सुटली.

पुढची हकीकत आपल्या कामाची आहे.

१९७४ साली मालगाड्यांच्या यार्डाला जागा हवी म्हणून फलाटांवरचे लांबलचक दालन पाडण्यात आले. त्यात कारखान्यांत काम करणाऱ्या मजुरांची चौदा मोठी चित्रे होती. ती भिंतीसकट कापून विमानतळावर नेली म्हणून वाचली. उरलेली इमारत पुढच्या वर्षी नगरपालिकेने विकत घेतली. आता तिचे करावयाचे काय? तर एका व्यापाऱ्याने सांगितले, दुकाने घाला. १९८० च्या ऑगस्टात त्या घुमटाखाली बाजार उघडला. चाळीसएक दुकाने, खाण्याचे गाळे, पोरांच्या गमती. सुरुवातीला रोज हजारो माणसे लोटली. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. आणि चार-पाच वर्षांत एकेक करून सगळी दुकाने बंद झाली.

का? मुलगा म्हणाला, त्या वेळी मंदी होती. होतीही. पण मला कारण वेगळे वाटते. स्टेशनाच्या आसपासचा वेस्ट एंड हा भाग पूर्वी दाट वस्तीचा, बहुतेक काळ्या लोकांच्या घरांचा. १९५० नंतरच्या दशकात हमरस्त्यासाठी आणि कारखान्यांसाठी म्हणून तिथली वस्तीच्या वस्ती उठविली. सुमारे २५ हजार माणसे बेघर झाली. म्हणजे ज्यांनी सकाळी दूध आणावयास आणि संध्याकाळी गप्पा मारावयास चालत यावयाचे, ती माणसेच तिथे उरली नव्हती. बाजार शेजाराच्या जिवावर चालतो, घुमटाच्या नव्हे. शेजार आधीच पाडलेला, मग दुकानांना दोष देऊन उपयोग काय?

त्यानंतर जे झाले ते सावकाश झाले, म्हणून टिकले. गावातल्या दोन जुन्या संस्थांना, एक निसर्गवस्तूंचे संग्रहालय चालविणारी आणि एक इतिहासाची कागदपत्रे जपणारी, जागा अपुरी पडत होती. त्यांना ती इमारत द्यावी असे ठरले. पैसा कोठून? १९८६ साली परगण्यातल्या लोकांनी मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला आणि त्यातून ३ कोटी ३० लाख डॉलर उभे केले. स्वतःच्या खिशाला हात घालण्यासाठी कोणी मत देते, हे मला खरे वाटेना. मुलाला दोनदा विचारले. १९९० च्या नोव्हेंबरात संग्रहालये उघडली. पुढच्याच वर्षी आगगाडीसुद्धा परत आली! आठवड्यातून तीनदा, तीही आडरात्री, पण आली. पुढे २०१४ साली इमारत गळू लागली, लोखंड गंजले, तेव्हा त्याच लोकांनी पुन्हा मत देऊन पाच वर्षांसाठी विक्रीकर वाढवून घेतला. वीस कोटी डॉलरांहून अधिक खर्च करून २०१८ च्या अखेरीस ती सगळी नव्यासारखी झाली. मी गेले तेव्हा रंगाचा वास अजून येत होता, किंवा मला तसे वाटले.

आता त्या एका छपराखाली काय नाही? लहान मुलांचे खेळघर आहे, इतिहासाचे दालन आहे, जुनी कागदपत्रे पाहावयास ग्रंथालय आहे, मोठ्या पडद्याचा सिनेमा आहे, आईस्क्रीमचे दुकान आहे, आणि हिटलरच्या छळछावण्यांतून वाचून त्या गावी आलेल्या ज्यूंच्या आठवणींचे दालन त्याच वर्षी तिथे आले होते. दुकाने आहेत, पण ती कामाला आलेल्या माणसांच्या आधाराने उभी आहेत. आधी येण्याचे कारण, मग खरेदी. घुमटाच्या कमानीला एक गंमत आहे: एका टोकाच्या पिण्याच्या पाण्याच्या नळाशी तोंड नेऊन हळू बोलले, की दुसऱ्या टोकाला ऐकू येते. मी इकडून मराठीत विचारले, "जेवलास का रे?" आणि तिकडून नातू इंग्रजीत ओरडला, "आजी, नो!"

ते आईस्क्रीमचे दुकान ज्या खोलीत आहे, ती पूर्वीची चहाची खोली. तिच्या भिंतींना फिकट रंगांच्या सुरेख फरशा आहेत. त्या रुकवूड नावाच्या तिथल्याच कारखान्याच्या. हा कारखाना १८८० साली एका बाईने काढला, मारिया लाँगवर्थ निकोल्स असे तिचे नाव. बाई श्रीमंत घरची, पण मातीकामाचा नाद. चिनीमातीची भांडी रंगविता रंगविता तिने ठरविले की नुसता छंद नको, भट्टी हवी. वडिलांनी तिला लिलावात एक जुनी, ओस पडलेली शाळा घेऊन दिली. त्या शाळेत रुकवूड सुरू झाले. तिथे रंगकाम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या भांड्यांना पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. मी ती फरशी हाताने चाचपून पाहिली. ओस शाळेत भट्टी लावलेल्या बायकांचे काम पन्नास वर्षांनी त्या गावातल्या सर्वांत मोठ्या इमारतीच्या भिंतीला लागले, आणि नव्वद वर्षांनी मी, चंदगडची एक म्हातारी, त्यावर बोट फिरवीत उभी होते. सूनबाई म्हणाल्या, "आई, चला, लोक बघताहेत." बघू देत.

याच जातीची आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगते. पॅरिसचे ओर्से स्टेशन १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधिले. विजेच्या गाड्या लांब होत गेल्या, फलाट तोकडे पडले, आणि १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. ते पाडून हॉटेल बांधावयाचे घाटत होते. ते टळले आणि १९८६ साली तिथे चित्रांचे संग्रहालय झाले. त्याची आतली रचना गाए आउलेंती या इटालियन बाईने केली. मँचेस्टरचे लिव्हरपूल रोड स्टेशन तर जगातल्या पहिल्या स्टेशनांपैकी, १८३० सालचे. अवघ्या चौदा वर्षांत उतारूंच्या गाड्या तिथून हलल्या, मालाचे काम १९७५ पर्यंत चालले. मग रेल्वेने ते तिथल्या कौन्सिलला एक पौंडाला देऊन टाकिले, आणि १९८३ साली तिथे विज्ञान-उद्योगांचे संग्रहालय उघडले. एक पौंड! म्हणजे किंमत घेतली नाही, पण मालकी मात्र कागदावर पुरी दिली. हा मुद्दा आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावा.

आता गोदामाकडे येते.

बाजारपेठेमागे ते गोदाम आहे हे सर्वांना ठाऊक आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, मध्ये सागाचे खांब. एके काळी त्यात भात आणि नाचणी साठवीत. गेली कित्येक वर्षे ते बंद आहे. मालक मंडळी पुण्याला असतात. त्यांनी मंडळास वापरावयास देण्याची तयारी दाखविली आहे. आपल्या मंडळाला पंचवीस वर्षांत स्वतःची जागा झाली नाही. कधी कोणाच्या पडवीत, कधी शाळेच्या सुट्टीत वर्गात, कधी श्री देव रवळनाथाच्या देवळाच्या आवारात आपण जमलो. तेव्हा ही संधी आली याचा आनंद मलाही आहे.

मतभेद पुढे आहे. मंडळातील काही भगिनींचे, आणि विशेषतः त्यांच्या यजमानांचे, म्हणणे असे की आत आठ गाळे पाडावेत, भाड्याने द्यावेत, आणि येणाऱ्या भाड्यावर मंडळ चालवावे. हिशेब चोख आहे. पण हा हिशेब मी एकदा करून बसले आहे, आणि तो चुकला होता, हे या निमित्ताने लिहून ठेवणे मला भाग आहे.

बारा वर्षांपूर्वी मंडळाने पेठेत गाळा भाड्याने घेतला तो माझ्या आग्रहावरून. काजूगर, नाचणीचे पापड, कुळीथपीठ, गोधड्या. पाटी मी रंगवून घेतली, उद्घाटनाला पेढे मी वाटले. पहिला महिना बरा गेला. मग पाऊस लागला. आपला पाऊस तो. चार महिने रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाळ्यात एकेक बाई पाळीने बसे, एकटी. समोर पुरुषांचे चहाचे हॉटेल. दुपारी बाहेर जाण्याची सोय नाही, दाराला आतून कडी लावता येत नाही, कारण दुकान उघडे दिसले पाहिजे. सहा महिन्यांत पाळीला बायका मिळेनात. चौदाव्या महिन्यात गाळा सोडला. अनामत रक्कमही सगळी परत मिळाली नाही. माल वाईट नव्हता. तोच काजू आज आपल्या भगिनी घरातून विकतात आणि तो पुरत नाही. तिथे येण्याचे कारणच कोणाला नव्हते. विकत घेणारीला नव्हते आणि विकणारीलाही नव्हते. मी त्या वेळी बायकांच्या आळसाला दोष दिला होता. सभेत बोलले होते. त्या सभेत ज्यांना ते लागले असेल त्यांची मी आज क्षमा मागते.

म्हणून गोदामाविषयी माझे म्हणणे असे. प्रथम करार. अकरा महिन्यांच्या कागदावर कौले बदलणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खणणे. निदान पंधरा वर्षांचा नोंदणी केलेला भाडेपट्टा मिळाल्याशिवाय एक खिळा ठोकू नये. मालक भले लोक आहेत, पण भल्या लोकांनाही वारस असतात.

दुसरे, आत प्रथम काय करावयाचे? बालवाडी. सकाळी आया मुले सोडावयास येतील, दुपारी न्यावयास येतील. मग वाचनालय, शिवणवर्ग, आणि आठवड्यातून एकदा बँकेच्या आणि सरकारी योजनांच्या कागदांवर मार्गदर्शन. काजू सोलण्याचे आणि भाजण्याचे काम मागच्या पडवीत. धूर बाहेर जाईल अशी सोय करून. आणि मग, हो, दुकाने. दोन. आठ नव्हे. बाहेरच्या मालाची विक्री वाढवावयाची तर रेल्वेने २०२२ पासून 'एक स्थानक एक उत्पादन' अशी योजना काढिली आहे, तिच्यात स्थानिक कारागिरांना आणि बचत गटांना स्टेशनावर विक्रीचा ठेला मिळतो. बेळगाव आणि कोल्हापूर ही दोन्ही स्टेशने आपल्याला जवळ आहेत. आपल्याकडे गाडी आली नाही म्हणून आपला काजू स्टेशनावर जाऊ नये असे थोडेच आहे! त्या अर्जाचे काम मी स्वतःकडे घेते.

तिसरी मागणी माझी स्वतःची, आणि तिच्यावर मी हटून बसणार आहे. गोदामाच्या आत, बाजारातून चार पावलांवर, एक खोली बायकांची असावी. तिच्यात भाडे मिळणार नाही, वर्ग भरणार नाही, सभा होणार नाही. दोन लांब बाके, कोपऱ्यात नळ आणि संडास, आणि दाराला आतून कडी. गुरुवारच्या बाजाराला खेड्यापाड्यांतून ज्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन येतात, त्या सकाळी सहाला निघतात आणि संध्याकाळी घरी पोहोचतात. दिवसभर त्या पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत, ते प्रत्येकीला ठाऊक आहे. सभेत मात्र आजवर कोणी बोललेले नाही.

माझी आई १९९१ साली गेली. चंदगडाला ती खोली काही आली नाही.

सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी प्रत्येकीने गोदाम आतून पाहून घ्यावे अशी विनंती आहे. किल्ली आमच्या घरी ठेवली आहे. येताना छत्री आणावी. पश्चिमेच्या बाजूची कौले अजून गळतात.